ओढ्याच्या तोंडावरची तार

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे शूर वाटलो तर वाचणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. माझं गाव जाफराबादकडचं. तिकडे आम्ही पाण्याची वाट बघायला शिकलो, पाण्यात उतरायला नाही. बदल्या होत होत मी जालना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, गोदावरीकाठच्या एका वस्तीवरच्या शाळेवर आलो आणि हजर व्हायच्या दिवशीच कळलं की शाळा पाण्याच्या पलीकडे आहे.

गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात. खालच्या बाजूला बंधारा झाला, पाणी मागे तुंबलं आणि गंगेला मिळणाऱ्या एका ओढ्याचं तोंड फुगून चांगलं दोनशे हात रुंद झालं. पूर्वी तिथून माणसं गुडघाभर पाण्यातून धोतर वर धरून जात. ओढा आणि नदी यांच्या मध्ये जमिनीची जी जीभ शिल्लक राहिली, तिच्यावर वस्ती, आणि वस्तीवर माझी शाळा. रस्त्याने जायचं तर तीर्थपुरीकडून मोठा वळसा, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात तोही बंद. म्हणून होडी.

होडी पत्र्याची होती आणि ती एक मावशी चालवायच्या. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने बारीक, आवाज मात्र अंगाला न शोभणारा. पहिल्या दिवशी मी बूट घालून, बॅग छातीशी धरून होडीत उभाच राहिलो. खाली पाणी होतं, आणि बसायला जागा अशी काही दिसत नव्हती.

"गुरुजी, बूड टेकवा," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"खाली. पत्र्यावर. सायबाची खुर्ची शाळेत, इथं न्हाई."

दुधाच्या किटल्यांच्या मध्ये, एका शेळीच्या शेजारी मी बसलो. बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्यानंतरची चार वर्षं मी रोज दोनदा त्याच पत्र्यावर बसलो.

मावशींचे नियम कुठे लिहिलेले नव्हते. ओझं मध्ये. होडीचं बूड रेतीला घासल्याशिवाय कुणी उठायचं नाही. कडेला जो बसलाय तो आधी उतरणार, मग तो सालगडी असो की सरपंच. समोरून कडब्याने भरलेली होडी आली तर रिकामीने थांबायचं. पाण्यावर प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली कुणाचं तरी जाळं आहे. तिथे वल्हं उचलायचं आणि वळसा घालायचा. मासेमारी करणारेही जाळं टाकताना होडीपुरती वाट मोकळी सोडत. कुणी कुणाचे आभार मानत नसे. आज वाट दिली की उद्या वाट मिळायची, एवढाच व्यवहार.

आणि मधोमध गेल्यावर कुणी बोलायचं नाही. हा नियम मला सुरुवातीला धार्मिक वाटला. गंगा म्हटल्यावर काही तरी असणार. पण त्यामागे तार होती.

ओढ्याच्या तोंडाबाहेर, नदीच्या वळणाआड, वाळू उपसणारा एक तराफा असायचा. लोखंडी पिंपांवर फळ्या, त्यावर पंप आणि एक चरखी. चरखीला गुंडाळलेल्या जाड तारेच्या दोराचं दुसरं टोक ओढ्यात आत, वस्तीच्या काठावरच्या एका बाभळीला बांधलेलं. तराफा सरकवायचा असला की चरखी फिरवायची, तार ताणली जायची आणि तराफा बाभळीच्या दिशेने ओढला जायचा. तार सैल असताना तळाशी पडलेली असे आणि तिच्यावरून होडी खुशाल जाई. ताणली की मात्र ती पाण्यातून वर येई. ऐन मध्यावर पाण्याला टेकलेली, आणि वस्तीच्या काठाकडे, बाभळीजवळ, बसलेल्या माणसाच्या कपाळाएवढी उंच. काळी, ओली तार. उन्हात ती दिसतच नसे.

म्हणून मावशी ओढ्याच्या मध्याशी वल्हं थांबवायच्या, गालाला हात लावायच्या आणि वळणाकडे तोंड करून हाक घालायच्या, "तार सोडा रंऽऽ!"

मग आम्ही गप्प. शेळीसुद्धा. पाणी पत्र्याला टपटप लागायचं. आणि वळणाआडून आवाज यायचा, "सोडलीऽऽ!" तो आल्याशिवाय मावशी वल्हं पाण्यात घालत नसत. तराफ्यावरची माणसं मी चार वर्षांत कधी जवळून पाहिली नाहीत. त्यांचा धंदा कुठल्याच कायद्यात बसत नव्हता, पण ही हाक त्यांनी एकदाही चुकवली नाही. कायद्यात बसणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल इतकं ठामपणे सांगता येणार नाही.

तराफा कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. कागदावर तिथे तराफा नव्हता. त्यामुळे चरखी नव्हती. त्यामुळे तारही नव्हती.

इंजिनाच्या होडीसाठीचा अर्ज मीच लिहिला. भीतीपोटी लिहिला, हे कबूल करतो. पत्र्याच्या होडीत पावसाळ्यात पाणी यायचं आणि मी ते डब्याने उपसत मनातल्या मनात विम्याच्या हप्त्याची तारीख आठवत बसायचो. मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिवा की. माझ्या खांद्यानं आता न्हाई म्हणायला सुरुवात केलीच हाय." अर्ज फिरत फिरत दोन वर्षांनी पांढरी, चकचकीत फायबरची होडी आली. सोबत बारा नारिंगी लाइफ जॅकेटं आली, प्लास्टिकच्या पिशव्यांत. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली सरपंचांच्या करगोट्याला.

होडी चालवायचं काम सरपंचांच्या पुतण्याला मिळालं. तिशीचा, कष्टाळू, वाईट नव्हता. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला होता, कुठल्याशा तलावावर. त्याला इंजिनाचं सगळं कळत होतं. पण तो जीपने फिरणारा. ओढा त्याने काठावरून पाहिलेला.

मावशींचं काय, असं मी सरपंचांना विचारलं.

"मावशीचा सत्कार ठेवलाय ना," ते म्हणाले. "साडी, नारळ, शाल. बिलकुल कमी पडू द्यायचं न्हाई."

सत्कार हा आमच्याकडे माणसाला उठवून लावण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे. मी स्वतः असे कितीतरी सत्कार सूत्रसंचालन करून पार पाडले आहेत. मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं वल्हं होडीत आडवं ठेवलं. मग म्हणाल्या, "मंग हाक कोण घालणार?"

मी म्हणालो, "मी पाटीवर लिहितो."

नव्या होडीसाठी काठावर लावायच्या पाटीचा मजकूर माझ्याकडेच होता. 'होडीतून प्रवास करताना घ्यावयाची दक्षता' असं शीर्षक, खाली सात कलमं. मी शिक्षक माणूस, भाषा जड झाली होती, पण पाचवं कलम अगदी सरळ लिहिलं होतं: मध्यावर इंजिन बंद करावे, हाक द्यावी, तार सोडल्याचे उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सरपंचांनी कच्चा कागद वाचला आणि पाचव्या कलमाशी थांबले.

"गुरुजी, कसली तार?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत हाय हो. पण पाहुण्याला माहीत करून द्यायचंय का? उद्घाटनाला येणार, पाटी वाचणार, अन् विचारणार, सरपंच कसली तार? मंग मी काय सांगू, कपडे वाळत घालायची?"

माझ्यासमोर त्यांनी पेनाने ते कलम खोडलं. मी बघत होतो. "मग सहा कलमंच राहतील," एवढंच मी म्हणालो, आणि ते म्हणाले, "सहा बराबर हायेत." पाटी रंगवणाऱ्याकडे कागद मीच पोहोचवला. या गोष्टीतलं माझं काम इथे झालं, असं म्हटलं तरी चालेल.

उद्घाटनाची वेळ सकाळी दहाची छापली होती. आमच्याकडे पत्रिकेवरच्या दहाचा अर्थ बारा होतो, आणि प्रमुख पाहुणे मोठे असतील तर एक. हे मंडपवाल्याला, वाजंत्रीवाल्याला, शाळेच्या पोरांना, सगळ्यांना पाठ असतं. पाहुण्यांना होडीतून ओढा ओलांडून पलीकडे न्यायचं आणि परत येताना गंगेत वळणापर्यंत एक चक्कर मारायची, असं ठरलं होतं. म्हणजे वळणाआडचा तराफा दिसता कामा नये. तराफ्यावर निरोप गेला: बाराच्या आत तराफा ओढून ओढ्यात आत, लव्हाळ्यामागे लपवा. त्यांनी हिशेब केला आणि दहाला चरखी फिरवायला घेतली. जड काम, दोन तास पुरतात.

आणि प्रमुख पाहुणे पावणेदहाला आले.

माझ्या नोकरीत हे एकदाच घडलं. मोटार आली तेव्हा मंडपवाला सतरंजीवर झोपला होता. सरपंच दाढीचा साबण कानामागे घेऊन धावत आले. पाहुणे उंच, गोरे, सेवानिवृत्त झालेले कुठलेसे मोठे अधिकारी. वेळ पाळण्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी उतरता उतरता बोलून दाखवला. "दहा म्हणजे दहा," ते म्हणाले. सगळे कौतुकाने हसले. तराफ्यावर पुन्हा निरोप द्यायचं त्या धावपळीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी हातात माईक घेऊन 'हॅलो, हॅलो' करत होतो.

बिनवायरचा माईक होता तो. लिंबाच्या झाडाला दोन कर्णे बांधले होते आणि मी होडीतून बोललेलं काठावरच्या लोकांना ऐकू यावं अशी योजना होती. होडीच्या तोंडावर बांबूची कमान करून झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. आणि होडीत चार लाल प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या, कारण पाहुणे खाली कसे बसणार? खुर्च्यांवर आसन म्हणून लाइफ जॅकेटं घातली होती. नारिंगी रंग लाल खुर्चीवर उठून दिसत होता.

मी एक जॅकेट अंगात घालून बसलो होतो. सरपंचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गुरुजी, काढा ते. फोटोत तुमी एकटेच बुडायला निघाल्यासारखे दिसून राह्यले."

मी काढलं. हेही मीच केलं.

खुर्च्यांवर पाहुणे, सरपंच, फोटो काढणारा आणि चौथीवर मी. पुतण्या मागे इंजिनाशी उभा. मावशी सत्कारमूर्ती म्हणून बरोबर होत्या, पण त्यांच्यापुरती खुर्ची उरली नव्हती. त्या माझ्या पायाशी पत्र्यावर, म्हणजे आता फायबरवर, बसल्या. अंगावर शाल, मांडीवर साडी आणि नारळ. मी उठून खुर्ची देऊ लागलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मला तिच्यावर बसून पाणी दिसत न्हाई."

इंजिन सुरू झालं. मी ते आधी जवळून ऐकलं नव्हतं. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखा आवाज. होडी काठापासून सुटली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या दिसल्या, ऐकू आल्या नाहीत. मी माईकमध्ये बोलत होतो: आजचा हा सोनेरी क्षण वगैरे. माझंच बोलणं लिंबावरून एक क्षण उशिरा माझ्याकडे परत येत होतं.

पाहुणे उठून उभे राहिले. काठाकडे हात हलवायला लागले. फोटो काढणाऱ्याने अंगठा वर केला. सरपंचही उठले, कारण पाहुणे उभे असताना आपण बसणं बरं दिसत नाही. होडी एका अंगाला झुकली. पुतण्याने ती सावरली आणि वेग वाढवला.

ओढ्याच्या मध्यापाशी आम्ही थांबलो नाही. चार वर्षांत पहिल्यांदा त्या जागेवरून न थांबता गेलो. ते माझ्या लक्षात आलं, पण मी वाक्याच्या मध्ये होतो.

मावशींनी माझा पाय धरला. त्यांचं तोंड हलत होतं. मी वाकलो.

"गुरुजी, बगळे उठले."

मी समोर बघितलं. वस्तीच्या काठावरच्या त्या बाभळीवर सकाळी बगळे बसलेले असत. ते सगळे एकदम हवेत होते. वारा नव्हता. आणि बाभळीचा शेंडा हलत होता. थांबून थांबून, कुणी तरी खालून हिसके दिल्यासारखा.

चरखी फिरत होती. तार ताणलेली होती. आणि आम्ही बाभळीच्याच बाजूला चाललो होतो, जिथे ती सर्वांत उंच असते. मी पाण्यावर नजर फिरवली. ऊन डोळ्यांत होतं. तार दिसली नाही.

"बंद कर!" मी मागे वळून पुतण्याला ओरडलो. त्याने हसून मान हलवली. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय.

माझ्या हातात माईक होता. दोन उभ्या माणसांना खाली बसवायचं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते मला अजून आठवतं. "उपस्थित सर्व मान्यवरांना मी नम्र विनंती करतो की, त्यांनी कृपया आपापल्या..."

होडी पुढे जात होती आणि माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचत नव्हतं. वीस वर्षं मी अशीच वाक्यं बोलत आलो होतो. पाहुण्यांनी माझ्याकडे वळून स्मित केलं. त्यांना वाटलं त्यांचाच गौरव चाललाय.

मावशींनी माझ्या हातातून माईक ओढून घेतला. नारळ गडगडत पायांत गेला. त्यांनी गालाला हात लावला, सवयीने, आणि दुसऱ्या हातातल्या माईकमध्ये हाक घातली.

"तार सोडा रंऽऽ!"

लिंबावरच्या दोन्ही कर्ण्यांतून ती हाक ओढाभर पसरली. तसा आवाज मी त्या पाण्यावर पुन्हा ऐकला नाही. आणि एक गोष्ट झाली जिचं श्रेय मला घेता येत नाही: मी खाली बसलो. खुर्चीवरून सरळ फायबरवर. चार वर्षं ती हाक मी खाली बसूनच ऐकली होती, शरीराने आपलं आपण ठरवलं. खाली बसल्याबरोबर, पाण्याला डोळे समांतर झाल्याबरोबर, मला तार दिसली. दहा हातांवर. तिच्यावरून पाण्याचे थेंब ओळीने टपकत होते.

मी पाहुण्यांच्या झब्ब्याला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. "खाली बस!" ओरडलो. "बस खाली, मरशील!" जिल्ह्यात त्यांच्याशी कुणी असं बोललं नसेल. ते माझ्या अंगावर कोसळले. फोटो काढणारा कॅमेरा पोटाशी धरून आडवा झाला. सरपंच अजून उभेच होते, पाहुण्यांना उठवायला हात पुढे करून. मावशींनी त्यांचा गुडघा मागून दाबला, शेळीला बसवतात तसा, आणि ते बसले.

कमान तारेला लागली.

बांबू आधी वाकले. होडी क्षणभर अडल्यासारखी थांबली, इंजिन जोर करत राहिलं, आणि कमानीचा आडवा बांबू कडकन मोडला. तार आमच्यावरून सरकली. मी तिचा वास घेतला. ग्रीस आणि शेवाळ. रिकाम्या खुर्च्या तिने उचलल्या, दोन पाण्यात टाकल्या, एक सरपंचांच्या पाठीवर. चौथी तिच्यापुढे घसरत घसरत मागे चालली, आणि मागे पुतण्या होता. उभा. एक हात इंजिनाच्या दांड्यावर. त्याच्या मागे इंजिन, बाजूंना पाणी, आणि छातीसमोर तार. त्याने ती आता पाहिली होती. दांडा सोडला असता तर उडी मारता आली असती, पण तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्याला दांडा सोडू नको एवढंच घोकून घेतलेलं असावं. तो तसाच मागे वाकत गेला, वाकत गेला. खुर्ची त्याच्या पोटाला टेकली. तिचा पाय मोडल्याचा आवाज मी इंजिनाच्या आवाजातही ऐकला.

आणि तार सैल पडली.

ती त्याच्या दंडावरून खाली घसरली, इंजिनावर आपटली, पाण्यात गेली. पंख्यात अडकली आणि इंजिन एक आचका देऊन बंद झालं.

सगळं एकदम शांत झालं. पाणी होडीला टपटप लागत होतं. मग वळणाआडून, नेहमीच्याच सुरात, आवाज आला.

"सोडलीऽऽ!"

पुतण्याच्या दंडाचं सालटं गेलं होतं आणि रक्त कोपरावरून खाली टपकत होतं. पाहुण्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. सरपंच उठू लागले तशी होडी एका बाजूला कलली आणि कडेवरून पाणी आत आलं. थंड. माझ्या मांडीखाली साचलं. माझं जॅकेट काठावर पडलेलं होतं, ते मला इथून दिसत होतं.

"हालू नका," मावशी म्हणाल्या. हळू म्हणाल्या. माईक अजून चालू होता, त्यामुळे ते काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं. "सरपंच, तुमी जिथं हायेत तिथंच. बूड टेकवून. पाव्हणं, पाय लांब करा. गुरुजी, तुमी नारळ फोडायला आणलेलं ते भांडं घ्या अन् पाणी उपसा, तुमाला येतं ते."

मला येत होतं ते. मी पाणी उपसलं. होडीत वल्हं नव्हतं. इंजिन असताना वल्हं गबाळं दिसतं म्हणून काठावर ठेवलेलं. मावशींनी कमानीचा एक बांबू उपटला, झेंडूची माळ काढून बाजूला ठेवली, बांबू तळाला लावला आणि गुडघ्यांवर बसून होडी ढकलायला लागल्या. आम्ही वस्तीच्या काठाला लागेपर्यंत कुणी हललं नाही. होडीचं बूड रेतीला घासलं. तरीही कुणी उठेना. सगळे मावशींकडे बघत होते.

"उतरा आता," त्या म्हणाल्या. "कडेचा आधी."

कडेला फोटो काढणारा होता. तो आधी उतरला. मग सरपंच. प्रमुख पाहुणे त्यांच्याही मागून, माझ्या जरा आधी.

पाहुण्यांचं भाषण झालं, अर्थातच. ओल्या झब्ब्यावर शाल घेऊन त्यांनी जलवाहतुकीचं महत्त्व सांगितलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. परत ते वळशाच्या रस्त्याने गेले. दोन दिवसांनी बातमी आली, कार्यक्रम उत्साहात पार पडल्याची. तारेचा उल्लेख नव्हता. तार नव्हतीच, तर उल्लेख कसा येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर आलो तेव्हा पुतण्या मावशींच्या दारात उभा होता, दंडाला पट्टी.

"मावशी, तुमी पुढं बसा," तो म्हणत होता. "मी निस्तं इंजिन धरतो."

"सत्कार झाला की माझा," मावशी चूल सारवता सारवता म्हणाल्या.

"साडी परत नेऊ का मंग?"

"नेशील बरा. नेसलेली हाय मी."

त्या उठल्या, हात धुतले आणि होडीत येऊन पुढे बसल्या. खुर्च्या गेल्या होत्या. जॅकेटं पुतण्याने काकाशी भांडून कपाटातून आणली होती. आम्ही सगळ्यांनी ती घातली. दूधवाल्याने पट्टा उलटा लावला, मावशींनी तो सोडवून नीट लावला. स्वतः घालताना म्हणाल्या, "शालीपेक्षा बरं हाय."

मध्याशी पुतण्याने इंजिन बंद केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. होडी आपल्या वेगाने थोडी गेली आणि थांबली. मावशींनी हाक घातली. आम्ही ऐकत राहिलो. उत्तर आलं, मग इंजिन.

पाटी अजून सहा कलमांचीच आहे. तराफा आहे, आणि अजूनही नाही. मी सरपंचांना खोडलेल्या पाचव्या कलमाबद्दल पुन्हा विचारलं, तर ते म्हणाले, पाटी रंगवून झाली गुरुजी. मी बरं म्हणालो. मी असाच आहे.

पण गेल्या महिन्यात एका सकाळी उत्तर आलं नाही. मावशींनी तीनदा हाक घातली. वळणाआड सगळं गप्प. चरखी फिरतेय की माणसं झोपलीयत की तराफा रिकामा आहे, काही कळेना. बगळे बाभळीवर बसलेले होते, पण मावशी म्हणाल्या बगळ्यांचा काय भरवसा, त्यांनाबी सवय झाली असंल. आम्ही तिथेच, पाण्याच्या मधोमध, जॅकेटं घालून बसून राहिलो. एक बाई कामावरची मजुरी बुडेल म्हणून चुळबुळली आणि गप्प झाली. मला पलीकडच्या काठावर शाळेची पोरं रांगेत उभी दिसत होती. पुतण्याचा हात दांड्यावर होता, पण त्याने इंजिनाची दोरी ओढली नाही. पाऊण तासाने वळणाआडून कुणीतरी धापा टाकत ओरडलं, "सोडलीऽऽ! आता सोडली!"

आता. म्हणजे तोवर ती ताणलेली होती.

शाळेत पोहोचलो तेव्हा परिपाठाची वेळ टळून गेली होती. हजेरीपुस्तकात उशिरा आल्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. चार वर्षं मी तिथे 'पाऊस' किंवा 'रस्ता खराब' लिहीत आलो होतो. पेन उघडलं आणि लिहिलं: ओढ्याच्या तोंडावर वाळूच्या तराफ्याची तार ताणलेली होती.

आमच्या शाळा तपासायला येणारे केंद्रप्रमुख परवा वळशाच्या रस्त्याने येऊन गेले. हजेरीपुस्तक चाळता चाळता त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "कसली तार?"

"चला," मी म्हणालो. "दाखवतो. पण होडीत खाली बसावं लागेल."